चौथी फाक

"जोसना, काडीपेटी आन वो."

मी चुलीपुढे बसतच होते. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीकडे आल्याच नाहीत. कार्यक्रमाला नेसलेलं जांभळं पातळ अजून त्यांच्या अंगावरच होतं. त्या तरातरा कोपऱ्यात गेल्या आणि दिवाळीपासून तिथं झाकून ठेवलेल्या गॅसच्या शेगडीवरचं फडकं त्यांनी ओढून काढलं.

त्या शेगडीला आमच्या घरात कोणी हात लावत नसे. आईला धूर लागतो म्हणून माझ्या नवऱ्यानं, हेमराजनं, ती आणली होती. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पंधरवड्यानं घरी यायचा आणि आई चुलीपुढेच बसलेली बघून हात टेकायचा. "निळ्या जाळाचा भात पोटात थंडा पडते," असं आत्याबाईंचं म्हणणं. आज मात्र त्यांनी स्वतः बटण फिरवलं, काडी ओढली, भुस्स आवाजाला जराशा दचकल्या आणि चहाचं भांडं वर ठेवलं. मनगटावरचं गोंदण, एक तुळशीवृंदावन आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके, त्या निळ्या उजेडात वेगळंच दिसत होतं.

"आत्याबाई, अन् चूल?"

"चुलीले सुटी," त्या म्हणाल्या. "लय वर्सं राबली."

बाहेर ओसरीत मामाजी, म्हणजे माझे सासरे, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन बसले होते आणि सकाळचं भाषण शेजाऱ्यांना पुन्हा ऐकवत होते. मी चहा नेऊन दिला.

"आज लवकर झाला वो चहा?"

"गॅसवर झाला, मामाजी."

"आता मोठ्या मानसाचं घर झालं म्हना!" ते खुशीत हसले. त्यांना काही कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. कपबशा विसळायला आत आले तेव्हा सहज वर नजर गेली आणि चूल बंद म्हणजे काय ते ध्यानात आलं. थंड चुलीच्या वर, छताला टांगलेल्या बांबूच्या ताटीवर, धामण नावाच्या झाडाच्या, खोड उभं चिरून काढलेल्या चार ओल्या फाका होत्या. त्यांतल्या एकीचं माझं धनुष्य व्हायचं होतं.

मामाजींना सगळा मुलूख ऋषी वाढई म्हणून ओळखायचा. वाढई म्हणजे आमच्याकडचा सुतार. नांगर, बैलगाडी, खाटा सगळेच वाढई करतात, पण धनुष्य करावं तर ऋषी वाढयानं. पूर्वी लोक धानाची राखण करायला नेत, नंतर शाळांतली मुलं नेमबाजीसाठी नेऊ लागली. मी वसतिगृहाच्या शाळेत असताना अशाच एका धनुष्यावर शिकले होते आणि विभागापर्यंत खेळले होते. लग्न झालं तसं ते सगळं संपलं, असं मीच ठरवून टाकलं होतं. मग एक दिवस ओसरीत टांगलेलं जुनं धनुष्य पुसता पुसता हात शिवशिवले. मी ते पायाशी अडवून वाकवलं आणि दोरी चढवली. मागे मामाजी उभे.

मला वाटलं आता ओरडा बसणार. ते जवळ आले, माझा पंजा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे तुह्या हाताले मोठं होते. तुह्यापुरतं करून देतो. पन बांबूचं नाई. धामणीचं."

धामण आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती. सरळसोट, कमरेपासून डोक्याच्या वर एकही गाठ नाही. अशी धामण वाढयाला आयुष्यात एखादीच भेटते, आणि मामाजी कित्येक वर्षं तिला नुसते बघून परत यायचे. माघात तिची पानं झडली, अंधारा पाख, म्हणजे कृष्णपक्ष, लागला, तेव्हा त्यांनी तिला हात जोडले आणि कुऱ्हाड लावली. खोडाला करवत त्यांनी शिवूच दिली नाही. पाचरी ठोकत गेले, आणि लाकूड आपल्या रेषेनं कर्रर्र करत उघडत गेलं. आतून ते ओलं, पिवळसर, काकडीसारखं गार होतं. चार फाका निघाल्या. त्यांनी साल सोलली, दोन्ही तोंडांना राळ आणि मेण पातळ करून फासलं, कारण लाकडाचं पाणी आधी तोंडातून पळतं आणि तिथूनच ते फाटतं. मग चारी फाका चुलीवरच्या ताटीवर चढवल्या.

"आता मानसाचं काम संपलं," ते मला म्हणाले. "आता धूर अन् येळ."

पुढचे दिवस नेहमीसारखेच गेले. आत्याबाई रांधायच्या, मी हाताखाली असायचे. पुढच्या जाळावर भात, मागच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या तोंडावर, पाण्याचा मोठा गंज. मामाजी आत आले की पहिलं वाक्य ठरलेलं: "गंजावर झाकणी ठेव वो, जळतन फुकट चाललं!" आत्याबाई मुकाट्यानं झाकणी ठेवायच्या. हे इतक्या वेळा व्हायचं की मला हसू यायचं. अख्खं धनुष्य नजरेनं मोजणारा माणूस, आणि दोन काटक्यांसाठी जीव टाकतो!

आणि मग तो कार्यक्रम आला. तालुक्याच्या शालेय क्रीडास्पर्धांचं बक्षीसवाटप आणि त्यात मामाजींचा सत्कार. मांडवात बायकांच्या बाजूला मी आणि आत्याबाई पुढेच बसलो होतो. पाहुण्यांनी विचारलं, "ऋषीजी, एवढं लाकूड तुम्ही फाटू न देता वाळवता तरी कसं?"

मामाजींनी माईक असा धरला की जणू रंध्याची मूठच.

"मी पान झडल्यावर तोडतो. मी अंधाऱ्या पाखात तोडतो. मी पाचर मारतो. मी मेण लावतो. मंग मी चुलीवर ताटीवर ठेवतो..."

इथं आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि त्या ताठ बसल्या. आता आपलं नाव पुकारणार म्हणून लोक बसतात तशा.

"लग्नाच्या वर्सी माहे सारे धनुष्य फाटले," मामाजी सांगत होते. "सारे! म्या मनात घेतलं होतं का हे सोडून देऊ, खाटा विनत बसू. पन दुसऱ्या वर्सी माह्या हाताले वळण आलं. तवापासून आजपावतर एक फाटलं नाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याबाईंनी टाळीसाठी हात उचलले होते, ते तसेच मांडीवर परत आले. परतीच्या वाटेवर त्या माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या. मला वाटलं, उन्हानं डोकं चढलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी सयपाकघराच्या दारात आले. चुलीतली राख गार होती.

"अवो, चूल काहून थंडी हाये?"

"गॅस हाये ना."

"सयपाकाचं नाई विचारत मी. वरचं लाकूड कोन पाहीन?"

"ज्यायच्या हाताले वळण हाये, ते पायतीन," आत्याबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. मान वर केली नाही.

मामाजींचा पारा चढला. "बरं! मीच पेटवतो. जाळ कराले का डोस्कं लागते?"

ते गेल्यावर मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, मी पेटवू का?"

"नाई. चूल माही, भांडन माहं. तू मधात पडू नको."

हेमराजला शेजारच्या फोनवरून सांगितलं तर तो म्हणतो, "घरोघरी मातीच्या चुली, तू मनावर घेऊ नको." मी म्हटलं, अहो, आमच्या घरची चूलच तर बंद पडली आहे!

मामाजींनी धोतर खोचलं आणि चुलीपुढे बसले. डोळे चोळत, खोकत, फुंकणीनं फुंकत त्यांनी जाळ केला. धानाच्या तुसाची आच कशी मंद धुमसत ठेवायची हे त्यांना ठाऊक होतं. आत्याबाई करायच्या तसंच सगळं मांडलं. वैलावर पाण्याचा गंजही ठेवला आणि त्यावर झाकणी घट्ट दाबून बसवली. मग विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं.

"पाय! लाकूड वाळते अन् जळतनबी वाचते."

आत्याबाई पाठमोऱ्याच राहिल्या. फक्त त्यांचा तांदूळ निवडणारा हात एकदा थांबला, एवढं मी पाहिलं.

दोनेक दिवसांनी दुपारी आम्ही जेवत होतो. वरून ताड् असा आवाज आला. मामाजींचा घास तोंडाशी राहिला. ते उठून स्टुलावर चढेपर्यंत दुसरा आवाज झाला. दोन फाका खाली आल्या त्या मधोमध चिरलेल्या. एकीच्या फटीत तर माझं नख सहज जात होतं.

मग मामाजींनी सगळ्यांना दोष देऊन पाहिला. अमावास्या धरायला चूक झाली, मेणात भेसळ होती, धामण उताराची होती, आमच्या गाईनं वेळी-अवेळी हंबरून... नाचता येईना, अंगण वाकडं! शेवटी जाळच नको म्हणाले. "वाऱ्यानं वाळू दे." पण फाल्गुनाचा वारा छपराच्या कवेलूंच्या फटींतून असा कोरडा वाहत होता की अंगावरचं पातळ घटकेत वाळायचं. तिसरी फाक आवाज न करताच गेली. सकाळी पाहिलं तर टोकापासून पोटापर्यंत उघडी. मामाजी ती मांडीवर घेऊन बराच वेळ ओसरीत बसले. सत्काराची शाल खुंटीला होती, तिच्याकडे त्यांनी पाठ केली होती.

मला दोघांचाही भयंकर राग आला. मी परसात गेले. आत्याबाई गोवऱ्या थापत होत्या.

"आत्याबाई, तुम्हाला ठाऊक आहे ना काय चुकतंय?"

"ठाव हाये."

"मग सांगा ना त्यांना!"

"इचारू दे. मी सांगालेच बसली हाये."

"ते नाही विचारणार. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. आणि ते धनुष्य त्यांचं नव्हतं, आत्याबाई. माझं होतं." मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले. "एकच फाक राहिली आहे."

त्यांचे शेणाचे हात तसेच थांबले. "मले ठाव हाये तुह्यं होतं ते. म्हनून तं डोयाले डोया लागत नाई माह्या." त्या माझ्याकडे वळल्या. "मी आज चूल पेटवीन. लाकूड वाचन. अन् उद्याच्या मांडवात ते पुन्यांदा म्हनतीन, म्या वाळवलं. अन् तू बी पोरीइले सांगशीन, माह्या सासऱ्यानं केलं. सांगशीन का नाई?"

मी तेच सांगणार होते.

त्याच दुपारी मामाजी चौथी फाक तपासायला स्टुलावर चढले. मी स्टूल धरून उभी होते. आत्याबाई पलीकडे पोळ्या लाटत होत्या. मामाजींनी लाकडावर बोटाच्या पेरानं ठोकलं, नाकाशी नेलं, फाकेच्या कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. "केस आला," ते पुटपुटले. म्हणजे केसाएवढी चीर पडली होती. फाक परत ठेवताना त्यांचा हात ताटीच्या बांबूला लागला आणि तिथंच राहिला.

ते उतरेचनात. मी खालून पाहिलं. ते बोटानं ताटी चाचपत होते. चुलीच्या पुढच्या तोंडावर बांबूला काजळी कोरडी, जाड, मखमलीसारखी होती. पण मागे, बरोबर वैलाच्या वर, काजळी नव्हतीच म्हटलं तरी चाले. तिथं बांबू धुतल्यासारखा, काळ्या ओघळांचा, थोडा फुगलेला होता. आणि फाका ठेवायची जागा नेहमी तीच. मामाजींनी आधी बांबूकडे पाहिलं, मग खाली वैलाकडे, मग गंजावरच्या झाकणीकडे. या माणसाला लाकूड वाचता यायचं, आणि त्यांनी ते वाचलं. अशी जागा एका दिवसात होत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

ते हळूच उतरले आणि चुलीपुढे मांडी घालून बसले.

"झाकणी कुठं ठेवत होती?" त्यांनी विचारलं.

लाटणं थांबलं.

"चुलीच्या मागं," आत्याबाई म्हणाल्या.

"कवा?"

"तुमी आंगनात गेले का काढत होती."

"अन् मी आलो का?"

"ठेवत होती. तुमी म्हनत होते ना, जळतन फुकट जाते."

मामाजींनी तोंडावरून हात फिरवला. "लग्नापासून?"

"दुसऱ्या वर्सापासून. पयल्या वर्सी मलेबी ठाव नव्हतं. तुमी फाटलेले धनुष्य घेऊन असेच बसले होते ओसरीत, आज बसले तसे. दोन दिवस जेवले नाई. मले पायवेना. मंग माह्या मनात आलं, माही माय बाळंतिनीले एकदम वारा लागू देत नाई. शेक देते, वाफ देते, आस्ते आस्ते भाईर काढते. हे लाकूडबी तसंच ओलं अन् नाजूक. वरून धुरानं वाळलं अन् अंदर ओलं रायलं तं फाटनच. म्हनून पयला महिना वाफेवर ठेवत होती, गंज उघडा टाकून. मंग एकेक फाक पुढच्या जाळावर सरकवत होती, रोज बोटभर. तवा ते बसलं."

"मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी म्हनले असते, बाईनं सुतारकीत तोंड घालू नये. तवा तुमी तसेच होते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "अन् मले वाटत होतं, तुमाले ठाव असन. एवढे वर्सं एका घरात रायतो. आंधळं थोडंच हाये मानूस."

मला वाटलं, आता मामाजी उठून जातील. त्यांनी राख बाजूला सारली, तूस ओढलं, काटक्या रचल्या आणि काडीपेटी आत्याबाईंपुढे धरली.

"मले नाई जमत," ते म्हणाले. "तू पेटव."

आत्याबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि काडी ओढली. जाळ धरला. वैलावर गंज चढला आणि झाकणी चुलीच्या मागे गेली. मी दाराआड जाऊन खुशाल रडून घेतलं.

चौथ्या फाकेचा तो केस तेवढ्यावरच थांबला. पावसाळाभर ती ताटीवर राहिली आणि आत्याबाई तिला रोज सरकवत राहिल्या. आता मी बघत होते. लाकूड कसं हलकं होत जातं, ठोकल्यावरचा आवाज कसा बदबद सोडून टणत्कार देऊ लागतो, हे त्यांनी मला कानाजवळ धरून ऐकवलं. पुढच्या थंडीत मामाजींनी ती खाली घेतली, चिरेचं टोक कापून टाकलं आणि माझ्या उंचीचं धनुष्य तासायला घेतलं. टोक गेल्यामुळे ते बरोबर माझ्या हातापुरतंच झालं. त्या धनुष्यानं पुढे मला काय काय दाखवलं, ती वेगळी गोष्ट. आजही माझ्या अंगणात शिकणाऱ्या मुली ते हातात घ्यायला भांडतात.

ते पुरं झालं तो दिवस मात्र सांगितलाच पाहिजे. आम्ही जेवायला बसायच्या बेतात होतो. चूल पेटलेली होती. ताटीवर नवं लाकूड चढलेलं होतं, आत्याबाईंच्या भावाच्या धुऱ्यावरचं. आत येता येता मामाजींचा हात सवयीनं गंजाकडे गेला आणि त्यांनी झाकणी ठेवून दिली. लक्षातसुद्धा आलं नाही त्यांच्या. मग ते आपल्या नेहमीच्या जागी, चुलीच्या पलीकडे, आत्याबाईंच्या समोर बसले आणि धनुष्य माझ्या हातात न देता त्यांच्यापुढे धरलं.

मुठीच्या वर तापल्या खिळ्यानं काहीतरी डागलेलं होतं. मामाजी आपल्या कामावर कधी खूण करत नसत. "माह्यं काम लोक वळखतेत," असं म्हणायचे. आत्याबाईंनी धनुष्य उजेडाकडे नेलं. मीही वाकून पाहिलं. तुळशीवृंदावन, आणि दोन बाजूंना दोन ठिपके.

आत्याबाईंनी आपलं मनगट त्याच्याजवळ नेलं.

"उलटी काढली," त्या म्हणाल्या. "मुळं वरतं, पानं खालतं. एवढं बी नीट पायलं नाई तुमी!"

"मले अशीच दिसते," मामाजी म्हणाले. "मी या अंगानं बसतो ना. तू वाढते तवा."

चुलीत तूस धुमसत होतं. आत्याबाईंनी धनुष्य माझ्याकडे दिलं, पदरानं डोळे पुसले आणि धुराला एक शिवी दिली. मग हात लांब करून त्यांनी गंजावरची झाकणी काढली. चुलीच्या मागे नाही ठेवली. मामाजींच्या हातात दिली.

जेवण होईपर्यंत ते ती मांडीवर धरून बसले होते.